अकरा किलोमीटर कमी

२ मार्च, रविवार

काल बायको गेली. गेली म्हणजे वर नाही, बढतीवर. बावन्न किलोमीटरवरच्या सरकारी रुग्णालयात ती आता मेट्रन. हाताखाली चाळीस नर्सेस, राहायला दोन खोल्या, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. इथं सव्वीस वर्षं माझ्या पाटीमागं राहिली, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तिनं मला विचारलंसुद्धा नाही. म्हणजे विचारलं, पण भांडी पुसता पुसता. "तुम्हीही तिकडे बदली मागा ना. जमीन मोजणीची कचेरी तिथंही आहे." भांडी पुसताना विचारतात ते काय विचारणं? मी म्हटलं, बघू. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. यावरून तिला माझी किती गरज होती ते उघड आहे.

असो. मोकळा वेळ मिळणार याचा मला आनंदच आहे. ग्लायडर एकट्यानं उडवायचा परवाना गेल्या वर्षी मिळाला, पण धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यापलीकडे माझी मजल गेली नाही. आता लांब पल्ल्याचं शिक्षण घेणार. इंजिन नसलेलं विमान घेऊन पन्नास किलोमीटर जायचं. एका ढगाखाली वर चढणारी हवा पकडून उंची घ्यायची आणि ती खर्च करत पुढचा ढग गाठायचा. त्यासाठी ही वही. शिक्षिकाबाई म्हणतात, रोज लिहा. रोज लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात काही घडत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

८ मार्च, शनिवार

पहिला धडा. ग्लायडरला हातही लावू दिला नाही.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे समोरचा माणूस पन्नाशीचा असला तरी त्याला सातवी ब मध्ये बसवतात. आम्ही दोनच विद्यार्थी: मी आणि एक दंतवैद्य. दंतवैद्य सभ्य आहे. इतका सभ्य की दोन मिनिटांत डोक्यात जातो.

बाईंनी मैदानात उभं केलं आणि छत्रीच्या टोकानं एक ढग दाखवला. "किती लांब?"

मी अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात आहे. कुंपणावरून भांडणारे दोन भाऊ माझ्या शब्दावर गप्प बसतात. मी क्षणभर डोळे बारीक केले आणि म्हटलं, "साडेतीन किलोमीटर."

"तुम्ही?"

"आठ-नऊ असेल का?" दंतवैद्य म्हणाला. ज्या आवाजात हे लोक 'थोडंसंच दुखेल' म्हणतात, त्या आवाजात.

बाईंनी नकाशा उघडला. ढगाची सावली लांबच्या पाण्याच्या टाकीवर पडली होती. टाकी इथून नऊ किलोमीटर. त्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही, कारण त्या टाकीची जागा मीच मोजली होती.

"जमिनीवरची वस्तू किती मोठी असते ते आपल्याला माहीत असतं," बाई म्हणाल्या, "घर, झाड, गाय. ढगाचं माप कुणालाच माहीत नसतं. लहान ढग जवळ आणि मोठा ढग लांब, दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ढगाकडे बघून अंतर सांगू नका. त्याची सावली बघा, नकाशावर ती जागा शोधा, मग बोला."

मी वहीत लिहून घेतलं. दंतवैद्यानं लिहिलं नाही. त्याला म्हणे लक्षात राहतं.

१६ मार्च, रविवार

संध्याकाळी मेट्रनसाहेबांचा फोन.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"अंडं."

"काल?"

"अंडं."

मग म्हणाली, "पुढच्या रविवारी इकडे या ना. सकाळी नवाची बस आहे, दीड तासात पोचते. खोल्या तरी बघाल."

"पुढच्या रविवारी हवा चांगली आहे."

"हवा."

"हो. ढगांचा तळ पंधराशे मीटरवर असणार आहे, असं हवामानवाले म्हणतात."

"बरं," ती म्हणाली.

बरं म्हणाली म्हणजे तिलाही पटलं. समजूतदार आहे, हे मी नेहमीच म्हणत आलोय. तिच्यासमोर नाही, पण म्हणत आलोय.

२३ मार्च, रविवार

हवामानवाल्यांचा विजय असो. दिवसभर पाऊस. दोन अंडी.

२९ मार्च, शनिवार

आज बाईंच्या बरोबर दोन माणसांच्या ग्लायडरमधून पहिल्यांदा मैदान सोडून लांब गेलो. सविस्तर लिहितो, कारण बाईंची बाजू त्या सगळीकडे सांगणारच आहेत.

पहिला ढग झकास होता. खाली गरम हवेचा झोत, चढ-उतार सांगणारं यंत्र टींटीं करत वर जात असल्याची ग्वाही देतंय, चौदाशे मीटर आरामात मिळाले. समोर बघतो तर ढगांचं छतच! एकाला एक चिकटून, फट म्हणून नाही. म्हटलं, आता काय, छताखालून फिरायला जायचंय.

"पुढचा ढग किती लांब?" मागच्या सीटवरून प्रश्न.

मी शास्त्रशुद्ध काम करतो. सूर्याचा कोन घेतला, ढगाची उंची घेतली, सावली ढगाच्या किती बाजूला पडणार ते काढलं, मनातल्या मनात त्रिकोण सोडवला आणि सांगितलं, "पाच किलोमीटर दोनशे मीटर."

"कुठल्या सावलीवरून?"

गणितात गुंतल्यामुळे मी खाली बघायचंच विसरलो होतो. पण ही गोष्ट त्या वेळी सांगणं मला अप्रस्तुत वाटलं.

निघालो. पाच किलोमीटर गेले, ढग तेवढाच लांब. आठ गेले. हवा खाली खेचायला लागली, टींटीं बंद झाली आणि त्या जागी एक रडका सूर सुरू झाला. खाली स्वच्छ ऊन पसरलेलं, मैलोन्‌मैल. छतात केवढी मोठी फट होती ती! ढगांच्या उंचीवरून आडव्या नजरेनं बघितल्यामुळे दिसलीच नव्हती. खाली सावल्या बघितल्या असत्या तर एखाद्या पोरालाही कळलं असतं. आणि शेवटी ज्या ढगाकडे निघालो होतो त्याखाली पोचलो, तेव्हा तिथं कापसाचे दोन पुंजके उरले होते. माझं गणित बरोबर असतं तरी उपयोग नव्हता. ढगच संपला होता.

साडेचारशे मीटरवर बाईंनी दांडा हातात घेतला. एका नांगरलेल्या शेतावर, पक्ष्यांनासुद्धा सापडली नसती अशी हवा शोधली आणि आम्हाला कसंबसं घरी आणलं. उतरल्यावर टोपी काढली आणि म्हणाल्या, "तुमची नजर वाईट नाही. पण जो ढग तुम्हाला हवा असतो, तो तुम्हाला जवळ दिसतो."

"म्हणजे?"

"आणि जिथं जाणं सोपं असतं तिकडे तुम्ही बघतच नाही. उजव्या हाताला चार किलोमीटरवर चांगला ढग होता."

निवृत्त शिक्षकांना काहीतरी खोल बोलायची सवय असते. मी दुर्लक्ष केलं.

त्यांचा एक नियम मात्र वहीत घेतो, कारण तो व्यवहाराचा आहे: सहाशे मीटरवर आलात की उतरण्यासारखं शेत शोधा, तीनशेवर आलात की ढग विसरा.

११ एप्रिल, शुक्रवार

लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरी करते, आणि आईबापांवर देखरेख ठेवणं हा तिचा जोडधंदा आहे.

"बाबा, आईला बरं वाटतंय का आता?"

"आईला काय झालंय?"

"तुला माहीत नाही? चार दिवस एकशे तीन ताप होता. शेजारच्या नर्सनं सलाईन लावलं खोलीवर."

मी लगेच बायकोला फोन लावला. रागानंच लावला.

"ताप किती आहे?"

"उतरला."

"मला सांगायचं नाही?"

"फोन केला होता दोनदा. तुम्ही म्हणालात, आज ढग फार छान लागलेत, नंतर बोलू."

"मग नंतर बोललो असतो की!"

"हो," ती म्हणाली.

आता यात माझं काय चुकलं? ताप आहे हे पहिल्या वाक्यात सांगायला हवं. रुग्णालयात काम करणाऱ्या बाईला एवढं कळू नये? फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. अंड्यांचाही कंटाळा येतोच कधीतरी.

१९ एप्रिल, शनिवार

दंतवैद्य त्याचे पन्नास किलोमीटर करून आला. दक्षिणेला गेला, उतरला, हार घालून घेतला, आणि 'हवा चांगली होती हो, माझं काही नाही' म्हणाला. हवा चांगली होती हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्यानं सांगायची गरज नव्हती.

आता माझी पाळी. मी बाईंना माझा मार्ग दाखवला. पूर्वेला, बावन्न किलोमीटर, तिथं एक जुनं उतरण्याचं मैदान आहे.

बाईंनी चष्मा वर केला. "इकडून कुणी जात नाही. शेवटच्या टप्प्यात नदी आहे, नदीकाठची हवा थंड, ढग टिकत नाहीत. पलीकडे सहा किलोमीटर दाट झाडी, उतरायला जागा नाही. दक्षिणेला जा."

मी चार कारणं दिली. दक्षिणेला सगळेच जातात. पूर्वेला सूर्य पाठीशी राहतो. त्या भागाचे नकाशे मीच केलेत. चौथं कारण आता आठवत नाही, पण चांगलं होतं.

"तिकडे कोण असतं तुमचं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही."

दंतवैद्य हळूच म्हणाला, "यांच्या मिसेस असतात ना तिकडे."

"हो, म्हणजे बायको असते," मी म्हटलं, "पण त्याचा इथं काय संबंध?"

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सातवी ब मधल्या एखाद्या पोरानं स्वतःहून फळा पुसला तर पाहतील तसं. मग कागदावर सही केली. "नदीच्या अलीकडे हजार मीटर असले तरच ओलांडायची. नसले तर अलीकडे उतरायचं. कबूल?"

कबूल. एवढ्याशा गोष्टीसाठी शपथ घ्यायची काय गरज?

८ मे, गुरुवार

हवामान शनिवारी चांगलं आहे. बायकोला फोनवर सहज सांगून ठेवलं, "शनिवारी कदाचित तुझ्या बाजूला येईन. म्हणजे वरून. दुपारी दोनच्या सुमारास. हवा मिळाली तर."

"त्या मैदानावर उतरणार?"

"कदाचित."

"एकटे?"

"एकटाच. त्यात मोठंसं काही नाही."

तिनं नेहमीसारखं बरं म्हटलं नाही. "सांभाळून या," म्हणाली. तिला या विषयात विशेष रस नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी लांबण लावली नाही.

११ मे, रविवार

कालचं आज लिहितो. काल लिहिण्यासारखी परिस्थिती नव्हती.

साडेअकराला विंचनं, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, वर ओढलं. पहिले चाळीस किलोमीटर असे झाले की माझं मलाच कौतुक वाटलं. प्रत्येक ढगाच्या आधी खाली बघायचं: सावली विटांच्या भट्टीवर, म्हणजे सहा किलोमीटर, सावली दोन रस्ते मिळतात तिथं, म्हणजे चार. काठ टोकदार असतील तर ढग वाढतोय, फाटलेले असतील तर मरतोय. टींटीं. वर. पुढे. दोनदा वाट सोडून बाजूला गेलो, कारण सोपा ढग तिकडे होता. बाईंना हे कळवायचं नाही असं ठरवलं.

नदीच्या अलीकडे शेवटचा ढग हाती लागेना. पोचलो तेव्हा तो विरघळत होता. सातशे मीटर. समोर नदी, त्यापलीकडे काळी झाडी, आणि झाडीच्या पलीकडे, थेट तिच्या गावावर, एक ढग. काय ढग होता! तळ सपाट, डोकं फुलकोबीसारखं, आणि इतका जवळ की हात लांब केला तर लागेल. त्याच्या खाली रुग्णालयाची पांढरी इमारतसुद्धा मला दिसली असं वाटलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

मी ग्लायडरचं नाक तिकडे वळवलं. खरं तेच लिहितो. नियम, शपथ, सही, सगळं विसरलो आणि नाक तिकडे वळवलं. वेगसुद्धा वाढवला.

मग सवयीनं खाली बघितलं. सावली झाडीच्या पार पलीकडे, पाण्याच्या कालव्यावर होती. कालवा नदीपासून नऊ किलोमीटर. मधे ऊन, झाडी आणि पुन्हा ऊन. सहाशे चाळीस मीटर. खाली खेचणाऱ्या हवेत त्या उंचीवर पाच किलोमीटरसुद्धा गेलो नसतो. झाडांत गेलो असतो.

ढग अजूनही जवळच दिसत होता. हे लिहून ठेवतो, कारण मला हे खरं वाटलं नव्हतं: अंतर कळल्यावरसुद्धा तो जवळच दिसतो.

मी ग्लायडर वळवला. एक कापणी झालेलं शेत होतं, लांब, वाऱ्याच्या दिशेचं, एका टोकाला मेंढ्या. तीनशे मीटरवर ढग विसरलो. मोठ्यानं म्हणालोसुद्धा, "विसरलो." उतरलो. तीन उड्या, खडखडाट, धूळ, आणि शांतता. मेंढ्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या. सत्कार इतकाच.

आधी बाईंना कळवलं. त्या ट्रेलर घेऊन निघाल्या. मग बायकोला लावला. आवाज तुटक येत होता. मी म्हटलं, "अगं, नाही जमलं. मी अकरा किलोमीटर कमी पडलो. नदीच्या अलीकडे, मेंढ्यांच्या शेतात." फोन कटला. परत लागेना.

पाऊण तासानं सायरन ऐकू आला. मला वाटलं कुठं अपघात झाला असेल. बिचारा कोण असेल, असंही मनात आलं. तेवढ्यात पांढरी रुग्णवाहिका बांध ओलांडून शेतात शिरली, मेंढ्या चौफेर उधळल्या, आणि गाडी थांबायच्या आधी बायको खाली उतरली. हातात मलमपट्टीची पेटी. मागून ड्रायव्हर स्ट्रेचर काढतोय.

मी पंखाच्या सावलीत बसून पाव खात होतो.

ती थांबली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जवळ येऊन माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, मान चाचपली, बरगड्या दाबल्या.

"अगं, काय चाललंय?"

"पडलो म्हणालात."

"कमी पडलो म्हणालो!"

"मला 'पडलो', 'नदीच्या अलीकडे', 'मेंढ्या' एवढंच ऐकू आलं," ती म्हणाली, आणि तिथंच ढेकळांत खाली बसली. पेटी मांडीवर घट्ट धरून. पेटीची कडी तिला लावता येईना. हे हात मी चाळीस जणांच्या वॉर्डात सुई मारताना पाहिलेत. तेव्हा चुकत नाहीत.

मला काहीतरी विनोद करायचा होता. तोंडात पाव होता. तो गिळेपर्यंत ती रडायला लागली, म्हणून मग मीही शेजारी बसलो. ड्रायव्हर सभ्य माणूस. स्ट्रेचर घेऊन मेंढ्यांच्या दिशेला बघत उभा राहिला.

"एवढ्या लवकर कशी पोचलीस?" मी विचारलं.

"मैदानावरच होते. फोन करून गाडी तिथंच मागवली."

"मैदानावर काय करत होतीस?"

"फिरायला गेले होते."

मैदान तिच्या रुग्णालयापासून आठ किलोमीटर आहे. खांद्यावर छत्री, पिशवीत दोन माणसांचा डबा, चेहरा उन्हानं भाजलेला. बारापासून फिरत होती, असं तिनं गाडीत ड्रायव्हरला सांगितलं होतं, ते मला त्याच्याकडून नंतर कळलं. बारापासून.

"मी दोन म्हणालो होतो," मी म्हटलं.

"हवा मिळाली तर, असंही म्हणाला होतात. लवकर मिळाली असती तर?"

नदी ओलांडायला मी नाक वळवलं होतं, ती गोष्ट तेव्हा सांगितली नाही. डबा खाऊन झाल्यावर सांगितली. ती ओरडली नाही. फक्त माझी बाही घट्ट धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

बाई आणि दंतवैद्य साडेपाचला आले. पंख उतरवून ट्रेलरवर चढवले. बाईंनी रुग्णवाहिका पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला, उंचीची नोंद पाहिली, आणि मला म्हणाल्या, "सहाशे चाळीसवरून परत फिरलात. शाबास." आजवर मिळालेली ही एकमेव शाबासकी, आणि तीसुद्धा न पोचल्याबद्दल. दंतवैद्यानं माझा हात हातात घेतला. या वेळी त्याचा एवढा राग आला नाही. दमलो असेन.

मी ट्रेलरबरोबर परत जायला निघालो, तर बाईंनी गाडीचं दार माझ्या तोंडावर लावलं. "जागा नाही," म्हणाल्या. मागची अख्खी सीट रिकामी होती.

म्हणून मग रुग्णवाहिकेतून, स्ट्रेचरवर बसून, बायकोच्या गावात प्रवेश केला. सायरन बंद ठेवायला सांगितलं होतं. गाडी कशासाठी नेली याचा तिला उद्या लेखी खुलासा द्यावा लागणार आहे. 'नवरा कमी पडला' असं लिही, मी म्हटलं. हसली. खूप दिवसांनी ऐकलं ते हसू.

आज सकाळपासून खोल्या बघतोय. दोनच आहेत, पण ऊन चांगलं येतं. खिडकीतून रुग्णालयाचं आवार दिसतं. टेबलाशी दोन खुर्च्या. एकीच्या बैठकीचा रंग उडालाय. दुसरी कोरी, पायांना दुकानातला पुठ्ठा तसाच गुंडाळलेला.

"पाहुणे येतात का?" मी विचारलं.

"नाही."

"मग ही कधी घेतलीस?"

"आले त्याच आठवड्यात."

मी पायांचा पुठ्ठा सोडवला आणि बसलो. खुर्ची डुगडुगते. एक पाय किंचित लांब आहे.

"दुकानात बदलून मिळेल," ती म्हणाली.

"नको, असू दे. पुढच्या शनिवारी करवत घेऊन येतो. अर्धा सेंटिमीटर कापला की झालं."

"नीट मोजून कापा," ती म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घेतलं.